दोनचं की पाचचं?

आज शेअर रिक्षात डोकंच फिरलं माझं. शेजारी एक काका बसलेले, हातात पांढरी काठी. उतरताना त्यांनी चाचपून चाचपून चिल्लर दिली आणि रिक्षावाला सगळ्यांदेखत ओरडला, "ओ काका, हे दोनचं आहे, पाचचं द्या, रोजचंच झालंय तुमचं!" काका ओशाळले, अख्खी मूठ त्याच्यापुढे उघडली, "घ्या तुम्हीच." ती उघडी मूठ काही डोळ्यांसमोरून जात नाहीये.

माझी आजी आठवली. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, पण बटव्यातला हिशोब चोख. चौकोनी ते पाच पैसे, पाकळ्यांचं ते दहा, सहा कोनांचं ते वीस, बोट फिरवलं की झालं. एकदा दूधवाल्यानं (चुकून म्हणे!) वीसच्या जागी दहा टेकवले तर आजी म्हणते, "मेल्या, डोळे गेलेत, बोटं नाही गेली."

आणि आता बघा. 2007 ची ती हस्तमुद्रांची नाणी, अंगठावाला रुपया 25 मिमीचा. 2011 ला रुपयाच्या नव्या चिन्हाची आली, त्यात 25 मिमीचं कोणतं, तर दोनचं. 2019 ला परत नवीन, आता 25 मिमीचं पाचचं! म्हणजे एकाच मापाचं नाणं एक पण, दोन पण, पाच पण, आणि तिन्ही चालतात, तिन्ही त्या काकांच्या एकाच खिशात. कोण बसून ठरवतं हो हे? ठरवणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून खिशात हात घालून बघितलाय का?

हो, माहितीये, 2019 ची नाणी खास दृष्टिहीनांसाठीच काढलीत, किंमत वाढते तसं माप वाढतं, वीसचं तर बारा कोनांचं. चांगलं केलं. पण जुनी बाजारात तशीच ठेवून काय उपयोग! वजनात फरक कळतो म्हणे, करा मग चालत्या रिक्षात वजन. आजीनं नसतं केलं, तिला एक कोपरा लागायचा फक्त.

त्या रिक्षावाल्याला मी तिथेच चार शब्द सुनावले. आता वाटतंय उगाच, दिवसभर चिल्लर मोजून तोही कावलेला असणार, आणि मागच्या आठवड्यात भाजीवालीला दोनच्या जागी रुपया मीच दिला होता की, चांगले डोळे असून.

घरी येऊन डब्यातली चिल्लर ताटात ओतली नि डोळे मिटले. दहापैकी चार ओळखली. एक मात्र हातात आल्या आल्या कळलं, अकरा कोनांचं जुनं दोन रुपये, ते भारताच्या नकाशाचं. लेक म्हणाली, "आई, जीपे कर ना सरळ." म्हटलं थांब गं, अजून एकदा.