विमानातली ‘कोड भाषा’ लपवाछपवीसाठी नाही

कुठे विमान अपघात झाला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: वैमानिक आणि कंट्रोल टॉवर मुद्दाम कोड भाषेत बोलतात, प्रवाशांना काही कळू नये म्हणून. ‘रॉजर’ म्हणजे ‘हो’, पण सरळ ‘हो’ म्हणत नाहीत. ‘क्यूएनएच’सारखी अक्षरं म्हणजे उगाच पांडित्य. संकटात ‘मेडे’ ओरडण्यापेक्षा साध्या शब्दांत अडचण सांगितली तर मदत लवकर मिळेल. नॉट आणि फूट ही जुनाट मापं फेकून द्यावीत. आणि शेवटी ठासून सांगितलेलं वाक्य: सगळे नेहमीच्या बोलीत बोलले तर निम्मे अपघात टळतील.

या शेवटच्या वाक्यामुळेच मी लिहायला बसलो. घडलंय नेमकं उलटं, आणि त्याची किंमत शेकडो माणसांनी जिवानिशी मोजली आहे.

आधी लपवाछपवीचा आरोप. नागरी विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. ते बोलणं कुलूपबंद नसतं. एका फ्रिक्वेन्सीवरची सगळी विमानं एकमेकांचं बोलणं ऐकत असतात, आणि ते हवंच असतं: नियंत्रकाने चुकून दोघांना एकच धावपट्टी दिली, तर तिसऱ्याच्या कानाला ते खटकू शकतं. कोणता शब्द कधी वापरायचा याचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, छापून प्रसिद्ध करते. जे छापलेलं आहे ते गुपित कसलं?

‘रॉजर’बद्दलचं विधान तर साफ चुकीचं आहे. ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण मिळालं’, एवढंच. पटलं, करतो, परवानगी आहे, यातलं काहीही त्यात नाही. ‘समजलं आणि तसंच करतो’ यासाठी ‘विल्को’ आहे, ‘होय’साठी ‘अफर्म’, ‘नाही’साठी ‘निगेटिव्ह’. ज्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असंच असतं, त्याला ‘रॉजर’ म्हणून उत्तर द्यायला नियमाने मनाई आहे. आपल्या बोलीतल्या ‘हं’चे पाच अर्थ निघतात. इथे प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द दिला आहे.

आता मुख्य मुद्दा, साध्या बोलीचा.

२७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरीफ बेट. धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७. डच कंपनी केएलएमचं विमान टोकाशी उड्डाणाच्या तयारीत, अमेरिकेच्या पॅन ॲमचं अजून त्याच पट्टीवरून पुढे सरकतंय. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. ती उड्डाणाची परवानगी नव्हती, पण त्या वाक्यात ‘टेकऑफनंतर उजवीकडे वळा’ असे शब्द होते. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. म्हणजे उड्डाणाच्या जागी उभे आहोत, की उड्डाण सुरू केलंय? नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला आणि म्हणाला, ‘ओके’. क्षणभर थांबून पुढे म्हणाला, ‘थांबा, मी बोलावतो’. त्याच क्षणी पॅन ॲमनेही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं कळवलं. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर बहुतेक शिट्टीसारखा आवाजच ऐकू आला. विमान आधीच धावू लागलं होतं. ५८३ माणसं गेली.

‘ओके’ हा जगातला सगळ्यात साधा, सगळ्यांच्या ओळखीचा शब्द. अपघाताला धुकं, घाई, कॅप्टनचा निर्णय अशी इतर कारणंही होती, पण त्यानंतर शब्दांचा नियम कडक झाला तो यामुळेच. आता ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला हा फरक किरकोळ वाटेल. त्यामागे ५८३ मृत्यू आहेत.

‘मेडे’ऐवजी साध्या शब्दांत सांगा, या सल्ल्याचंही उत्तर असंच मिळालेलं आहे. २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या आकाशात खूप वेळ घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं होतं. कॅप्टन स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला सांगत होता, ‘त्यांना सांग, आपण आणीबाणीत आहोत’. सहवैमानिक रेडिओवर इंग्रजीत म्हणाला, ‘आमचं इंधन संपत आलंय’. कॅप्टनने पुन्हा विचारलं, सांगितलंस का? उत्तर आलं, हो, सांगितलं. साध्या भाषेत सांगितलं होतंच. पण त्या रात्री खराब हवेमुळे कितीतरी विमानं ताटकळत होती, आणि इंधन कमी होत असल्याचं नियंत्रक एरवीही ऐकतच असतो. ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द रेडिओवर एकदाही उच्चारला गेला नाही. चारही इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण दगावले.

‘मेडे’ हा शब्द १९२० च्या दशकात क्रॉयडन विमानतळावर रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला. ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावर तो बेतला आहे. त्याचा मे महिन्याशी काही संबंध नाही. तो सलग तीनदा म्हणायचा, म्हणजे खरखरीतही निसटत नाही आणि बाकी सगळे गप्प होतात.

‘क्यूएनएच’चं पांडित्य म्हणाल, तर या अक्षरांना लांबलचक पूर्ण रूपच नाही. ‘नॉटिकल हाइट’ वगैरे मागाहून चिकटवलेलं आहे. ‘क्यू’ने सुरू होणारे हे संकेत बिनतारी तारयंत्राच्या काळातले. प्रत्येक शब्द टिकटिक करत पाठवावा लागे, म्हणून ठरलेल्या प्रश्नांना तीन-तीन अक्षरं दिली गेली. क्यूएनएच म्हणजे उंचीमापकात भरायचा हवेच्या दाबाचा आकडा. तो भरला की काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो.

तो आकडा चुकला तर? मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एका एअरबस ए३२० ला १००१ ऐवजी १०११ हेक्टोपास्कल सांगितलं गेलं. हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं माप; त्यात एकाचा फरक पडला की उंचीत साधारण २८ फुटांचा फरक पडतो. काटा दाखवत होता त्यापेक्षा विमान सुमारे २८० फूट खाली होतं, आणि बाहेर पाऊस. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी पुन्हा वर जायचं ठरवलं. वर उचलताना विमान जमिनीपासून एका क्षणी जेमतेम ६ फुटांवर आलं होतं, धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे. इथे गोंधळ अक्षरांचा नव्हता, एका चुकीच्या अंकाचा होता. म्हणूनच आकडा परत म्हणून दाखवण्याचा नियम आहे, आणि तो परत म्हटलेला आकडा दुसऱ्याने कान देऊन तपासायचा असतो.

नॉटबद्दल थोडक्यात. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल हा वेग. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, जवळजवळ अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर. नकाशावर मोजायला ते सोपं पडतं. धोका जुन्या मापात नसतो, दोन मापं एकत्र कालवण्यात असतो. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधनाचा हिशेब लिटरवरून किलोत न्यायच्या ऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला. हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन ते विमान उडालं, वाटेत दोन्ही इंजिनं थांबली आणि कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर ते तरंगत उतरलं. कोणाचा जीव गेला नाही, हे वैमानिकांचं कौशल्य.

मेसेजमध्ये एक खरी तक्रार दडलेली आहे आणि ती मला मान्य आहे. वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या ‘नोटॅम’ सूचना आजही बहुतांश तारयंत्राच्या थाटात, मोठ्या अक्षरांत, शब्द तोडूनमोडून लिहिलेल्या असतात. जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रात्री एक विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीकडे ने-आण करण्याच्या रस्त्यावर, उतरू लागलं. तिथे चार विमानं रांगेत उभी होती, आणि हे विमान सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन मग वर गेलं. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी त्यानंतर नोटॅमना उघडपणे कचरा म्हटलं. ही संक्षेपं बदलायलाच हवीत.

पण बदल कसा होतो तेही पाहा. हवेतली टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा पूर्वी ‘ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड, ॲडजस्ट’ असं बोलायची. अर्थ होता, चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा. काही वैमानिकांनी तो उलट वाढवल्याचं आढळलं, कारण ‘ॲडजस्ट’ कुठल्या बाजूला ते शब्दात नव्हतं. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढून टाकलं गेलं. आता यंत्र म्हणतं, ‘लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ’.