धक्का 10 किलोमीटरवर, म्हणजे लावाही तिथेच?

"सातपुड्याखालचा ज्वालामुखी जागा होतोय. उनपदेवचं पाणी गरम आहे, धक्क्याची खोली 10 किलोमीटर निघाली म्हणजे लावा तिथवर आला, उपग्रहानेही रावेर-यावलची जमीन फुगलेली टिपली." हा मजकूर खान्देशात मोबाइलवर फिरतोय आणि माणसं धास्तावतात.

गरम पाण्याचं उत्तर सोपं आहे. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढते. भेगांतून खोल मुरलेलं पाणी तापून वर येतं, त्याला लावा लागत नाही. आपला काळा पाषाण लाव्याचाच, पण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजला.

"10 किलोमीटर" हा आकडा बऱ्याचदा मोजलेला नसतोच. भूकंपाच्या आधी पोचणाऱ्या पी आणि मागून येणाऱ्या एस लहरी कधी पोचल्या यावरून खोली काढतात. भूकंपमापक लांब असले की खोली नीट ठरत नाही, मग ती 10 धरून फक्त ठिकाण शोधतात. आणि खोली खरी असली तरी तिथे खडक सरकला एवढंच कळतं. 14 मार्च 1938 चा सातपुड्याचा भूकंप सुमारे 40 किलोमीटर खोल होता. लावा कुठेच आला नाही.

आता फुगवटा. मोगी या जपानी शास्त्रज्ञाने 1958 साली साकुराजिमा ज्वालामुखीसाठी मांडलेलं गणित आजही वापरतात. जमिनीच्या फुगवट्यावरून खालच्या लाव्याच्या साठ्याची खोली त्यातून काढतात. समजा, मधोमध जमीन 8 सेंटिमीटर उचलली आणि 3 किलोमीटरवर 4 सेंटिमीटरच, तर हे अर्ध्यावर येण्याचं अंतर गुणिले 1.3, म्हणजे साठा सुमारे 4 किलोमीटर खोल. पडताळा असा: त्याच जागी आडवं सरकणं भागिले उभं उचलणं हे अंतर भागिले खोली एवढं हवं, म्हणजे आडवं सुमारे 3 सेंटिमीटर. जुळलं नाही तर साठा गोल नाही. उभी भिंत किंवा आडवा थर असेल. हीही खोली फुगणाऱ्या साठ्याची. धक्के भोवतालच्या खडकात बसतात, त्यांची जागा लहरींवरूनच ठरवावी लागते.

रावेर-यावलच्या नकाशात काय बिघडतं? सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या दोन फेऱ्यांची जोडी जुळवून हे चित्र बनतं. त्यात रंगांचं एक आवर्तन म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून 2.8 सेंटिमीटर सरकली. पावसाळी दमट हवेने रडारची लहर रेंगाळते आणि काही सेंटिमीटरचा खोटा फुगवटा उमटतो. केळीची पानं दोन फेऱ्यांमध्ये वाढतात, हलतात. तिथे नुसते ठिपके उरतात. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

म्हणून हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांच्या निदान तीन-चार चित्रजोड्या घ्याव्यात. उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या, दोन्ही फेऱ्यांत फुगवटा त्याच जागी दिसला आणि जीपीएसही तेच म्हणाला, तरच 1.3 ने गुणायला बसावं.