‘एफएमजे वापरा, कातडं वाचवा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये गेले दोन हिवाळे एक मेसेज फिरतोय. कायोटी (लांडग्याहून लहान, त्याच्याच कुळातलं जनावर) आणि कोल्हा मारताना फरसाठीचं कातडं खराब होऊ नये म्हणून कोणती गोळी घ्यावी, याचे पाच मुद्दे. एक, फुल मेटल जॅकेट म्हणजे एफएमजे गोळी (शिशावर कडक धातूचं आवरण, म्हणजे जॅकेट, असलेली, न पसरणारी) घ्या, सुईएवढं भोक पाडून आत जाते, सुईएवढं पाडून बाहेर पडते. दोन, कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी जितकी लहान तितकं नुकसान कमी. तीन, फुटणाऱ्या टोकाच्या गोळ्या कातड्याची चाळण करतात. चार, डोक्यात मारा. पाच, भोक पडलंच तर शिवता येतं.

मी इतके दिवस दुर्लक्ष केलं. पण डिसेंबरात माझ्या भाच्याने हा मेसेज वाचून आपल्या .२२३ कॅलिबरच्या बंदुकीसाठी एफएमजेचा डबा आणला, आणि पुढे जे झालं ते मी विसरू शकत नाही.

शेजारचा शेतकरी वासरं जन्मायच्या आधी कायोटी कमी व्हावेत म्हणून आम्हाला दरवर्षी त्याच्या रानात बोलावतो. संध्याकाळचे साडेचार, दीडशे यार्डांवर कायोटी आडवा उभा. भाच्याचा नेम चुकला नाही, गोळी बरगडीतच बसली. कायोटीने झटका खाल्ला, गर्रकन वळून स्वतःच्याच कुशीला चावला आणि पळाला. बर्फावर दहा-दहा पावलांनी रक्ताचा एखादा थेंब. अंधार झाला, आम्ही परत फिरलो. सकाळी तो चारशे पावलांवर, कॅरागानाच्या झुडपांखाली सापडला, गोठून लाकूड झालेला. मॅगपाय पक्ष्यांनी पोट टोचून फोडलं होतं. रात्री किती वेळ तो जिवंत होता कोण जाणे. भाचा एवढंच म्हणाला, “मामा, भोक खरंच बारीक आहे.” भोक बारीकच होतं. कातडं मात्र टाकून द्यावं लागलं.

आठवड्याने त्याच डब्यातली दुसरी गोळी, अंतर जेमतेम साठ यार्ड. या खेपेला कायोटी जागीच पडला, पण पलीकडच्या बाजूला माझी तीन बोटं जातील एवढं भगदाड. डबा एक, बंदूक एक, नेम एकाच ठिकाणी, आणि परिणाम दोन टोकांचे.

याचं कारण गूढ नाही. मार्टिन फॅकलर हे अमेरिकी सैन्यातले सर्जन. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन आर्मी इन्स्टिट्यूटमध्ये १९८०च्या दशकात त्यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या झाडून जखमा मोजल्या. एम-१९३ ही ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सैनिकी एफएमजे, म्हणजे आपण दुकानातून स्वस्तात उचलतो तिची सख्खी बहीण. ती साधारण १२ सेंटीमीटर सरळ जाते, मग आडवी होते, आणि वेग पुरेसा असेल तर मधल्या खाचेपाशी मोडून तिचे तुकडे होतात. दूरवर वेग उतरला की मोडत नाही. आता कायोटीची छाती डोळ्यांसमोर आणा. केस वगळले तर रुंदी एका वितीहून कमीच. म्हणजे गोळी आडवी व्हायच्या बेतात असते तेव्हाच पलीकडचं कातडं येतं. जवळून मारलंत तर आडवी होत, मोडत बाहेर पडून फाडते. लांबून मारलंत तर बारीक भोक पाडून निघून जाते, आणि सगळी ताकद मागच्या बर्फात वाया घालवते. कधी काय होईल ते तुमच्या हातात नाही. अल्बर्टात हरणासारख्या मोठ्या जनावरांसाठी न पसरणारी गोळी कायद्यानेच बंद आहे. कायोटीला तो नियम लागू नाही, पण नियमामागचं कारण त्याच्याही छातीला लागू आहे. शिवाय एफएमजे गोठलेल्या जमिनीवरून उसळून कुठेही जाऊ शकते, आणि रानाच्या पलीकडे शेतकऱ्याची गुरं असतात.

कॅलिबरच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. .२०४ रुगर किंवा .१७ रेमिंग्टन या बारीक काडतुसांनी कातडी सुरेख राहतात. पण ती लहान असण्याबरोबरच भयंकर वेगवान आहेत. .२०४ची ३२ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला ४,२२५ फुटांनी सुटते. मेसेजमध्ये मात्र .१७ एचएमआर या छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाने दोनशे यार्डांवर कायोटी मारा असं लिहिलंय! तिची १७ ग्रेनची गोळी निघते तेव्हा २४५ फूट-पौंड ऊर्जा असते, शंभर यार्डांवर १३६ आणि दोनशेवर उरते ७२. तेवढ्यात बारा-पंधरा किलोचा कायोटी जखमी होईल, पडेलच याची खात्री नाही. कोल्हा तीन ते सात किलोचा, जवळ असेल तर एचएमआर चालेल. लिहिणाऱ्याने कोल्हा आणि कायोटी एकाच वजनात धरलेत.

तिसरा मुद्दा तर उलटाच आहे. पातळ जॅकेटची, प्लास्टिकच्या टोकाची गोळी बरगड्यांमधून आत शिरते, फुप्फुसात फुटते आणि बहुतेक वेळा बाहेर पडतच नाही. कातडं सोलताना हे दिसतं. मागच्या पायांपासून कातडं हातमोजा उलटा करावा तसं खाली ओढत आणलं की आतली बाजू समोर येते. अलीकडे पेन्सिलीच्या जाडीचं एक भोक, पलीकडे फक्त काळंनिळं साकळलेलं रक्त, कातडं अख्खं. मात्र हीच गोळी खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटते आणि ताटलीएवढी जखम करते. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा असंच काही पाहिलं असावं. पण दोष तिथे नेमाचा. खांद्याच्या मागे चार बोटं सोडून मारायचं, जनावर तिरपं असेल तर थांबायचं. .२२-२५० हे वेगवान काडतूस वापरणाऱ्यांनी जवळच्या अंतरावर जास्तच जपायला हवं, तिथे वेग इतका की फुटणारी गोळीसुद्धा कधी पलीकडे निघते.

डोक्यात मारण्याबद्दल फार बोलत नाही. कायोटीचं डोकं क्षणभर स्थिर नसतं, मेंदू लिंबाएवढा, जरा हुकलं की जबडा तुटलेलं जनावर उपाशी मरतं. रेबीजचा संशय असेल तर तपासणीला मेंदूच लागतो, तोही गेला.

शिवण्याचं म्हणाल, तर सरळ चीर आतल्या बाजूने शिवली की हिवाळ्याच्या दाट केसांत दिसत नाही, हे खरं. पण जिथे कातडंच उडालं तिथे शिवायला काय उरतं? कडा ओढून जोडल्या की कातडं वाळवायला ताणतात त्या पट्टीवर त्या जागी सुरकुती येते. पूर्वी जॅकेटच्या टोपीला पट्ट्या लावायला कायोटी जायचे, तेव्हा भोक टाळून पट्टी कापता यायची. कॅनडा गूस या जॅकेट बनवणाऱ्या कंपनीने जून २०२१मध्ये फर बंद करण्याचं जाहीर केलं. त्याआधी २०१९मध्ये टोरंटोची फरचा लिलाव करणारी मोठी कंपनीही आर्थिक अडचणीत सापडली होती. आता घेणारे थोडे, आणि ते निवडून घेतात.

एफएमजेचा उरलेला डबा मी भाच्याकडून मागून घेतला. उन्हाळ्यात कागदी टार्गेटवर संपवू. जानेवारीत त्याने त्याच रानात, एकशे वीस यार्डांवर, ५५ ग्रेनच्या फुटणाऱ्या गोळीने एक कायोटी पाडला. तो उभा होता तिथेच बसला. गोळी कुठे लागली ते शोधायला आम्हाला केसांवर फुंकर मारत जावं लागलं.