पी हळद नि हो गोरी

पुतणीच्या लग्नाला फोटोग्राफर ठरवला होता, पण त्याचं पॅकेज सीमांतपूजनापासून सुरू होत होतं. हळद पॅकेजबाहेर. "आपल्याकडे आहे की कॅमेरा," असं दादा माझ्याकडे बघत म्हणाला आणि माझी साडेसाती सुरू झाली.

फोटो झकास आलेत, असं निदान माझा लॅपटॉप तरी म्हणत होता. चाळीस निवडले, पेनड्राइव्हवर घातले, लॅबमध्ये दिले. ४ बाय ६, मॅट. संध्याकाळी पाकीट उघडलं तर नवरी, वहिनी आणि पाच सवाष्णी, सगळ्या निळसर. हळद लागलेल्या नव्हे, रात्रभर विहिरीत उतरवून ठेवलेल्या.

"मशीन ऑटोवर होतं, काका," काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला. "पिवळं जास्त दिसलं की त्याला वाटतं, फोटो बिघडलाय. मग ते निळं वाढवतं."

हे शहाणपण जुनं आहे. कुठल्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले की सरासरी करडा निघतो आणि नाहीच निघाला तर निघेपर्यंत दुरुस्ती करावी, या तत्त्वावर कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांना १९५१ साली पेटंट मिळालं. इव्हान्ससाहेब आमच्याकडच्या हळदीला आलेले नसणार. पिवळी नवरी, पिवळ्या साड्या, मागे झेंडूच्या माळा आणि वाटीत पुन्हा हळदच. यातून करडा काढायचा तर कावीळ उतरवणाऱ्यालाच बोलवावं लागेल.

मुलाने ऑटो बंद केलं. "येलो तीन वाढवतो, डेन्सिटी दोन," असं पुटपुटत त्याने पेटी वाजवावी तशा कळा दाबल्या. हळद परतली, पण शिळ्या पिठल्याच्या रंगाची. या वेळी दोष माझा निघाला. फाइलीत रंग नोंदवायच्या दोन पद्धती कॅमेऱ्यात असतात, नेहमीची एसआरजीबी आणि ऐसपैस अ‍ॅडोबी आरजीबी. कुठल्याशा व्हिडिओत ऐकून मी कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवला होता. त्यात रंग जास्त मावतात म्हणे. मावतात खरे. पण या लॅबचं मशीन समोर येईल ती फाइल एसआरजीबीच समजत होतं. जास्तीचे रंग राहिले बाजूला, होते तेही फिके पडले. त्यात लॅपटॉपचा ब्राइटनेस शंभर टक्के. तो आतून उजळतो. कागद बिचारा ट्यूबलाइटच्या उसन्या उजेडावर जगतो. दादाला मात्र मी "मशीनचा प्रॉब्लेम" एवढंच सांगितलं.

फाइली बदलून तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा वहिनी सोबत होती. मुलाने विचारलं, "स्किन थोडी फेअर करू का? सगळेच करून घेतात." पी हळद नि हो गोरी, ही म्हण मी आजवर थट्टेतच ऐकली होती. इथे ते प्रिंटमागे पाच रुपयांत होत होतं. वहिनी माझी नजर चुकवत म्हणाली, "थोडीशीच हं."

घरी तिन्ही गठ्ठे आईपुढे ठेवले. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. म्हणजे तिच्या डाव्या डोळ्यात बारमाही हळद. तिने आधी डावा डोळा मिटून गठ्ठे पाहिले, मग उजवा मिटून.

"या डोळ्याने दुसरे चालतील," ती म्हणाली, "आणि या डोळ्याने पहिले. अगदी आपली पोर दिसतेय."

"आणि तिसरे?" वहिनीने विचारलं.

आईने दोन्ही डोळे उघडले. "ही कोण?"