०.९१ मी मुद्दाम टाळलं होतं

डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलवर इलेक्ट्रॉन सोडून ते लाटेसारखे वागतात हे दाखवलं, त्या प्रयोगावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटल्याची आणि त्या अपघातातून शोध लागल्याची गोष्ट दंतकथा आहे. दुसरा जास्त झोंबणारा: ब्रॅगचं 'दोन डी साइन थीटा' (स्फटिकातल्या अणूंच्या समांतर थरांमधलं अंतर डी, आणि थराशी किरणाचा कोन थीटा, यांवरून तरंगलांबी) सोडून मी साध्या जाळीचं सूत्र (पृष्ठभागावरच्या अणुरांगांमधलं अंतर गुणिले कोनाची साइन) वापरलं आणि उत्तर जुळवून आणलं.

बाटलीबाबत चूक माझीच, पण तुम्ही म्हणता ती नव्हे. बाटली खरंच फुटली, फेब्रुवारी १९२५ मध्ये, न्यूयॉर्कला. तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं आणि ते घालवायला निकेल बराच वेळ तापवावं लागलं. त्यातून 'एकच स्फटिक तयार झाला' असं मी लिहून मोकळा झालो. झाले होते मोजके मोठे स्फटिक. एकसंध स्फटिक नंतर मुद्दाम कापून घेतला आणि १९२७ चं यश त्यावरचं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता सूत्र. ५४ व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त परतले ते ५० अंशांवर, हेच शिखर. निकेलच्या पृष्ठभागावरच्या अणुरांगांमधलं अंतर २.१५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). गुणिले साइन ५०, म्हणजे १.६५. कणाच्या वेगावरून तरंगलांबी सांगणारं डी ब्रॉय यांचं सूत्र १.६७ देतं. तुमच्या पुस्तकात ०.९१ ची दुप्पट गुणिले साइन ६५ आहे. तेही १.६५, आणि येणारच! कारण ते ०.९१ म्हणजे २.१५ गुणिले साइन २५. एकच त्रिकोणमिती, नुसता सदरा बदललेला.

पण निकेलमध्ये ०.९१ अंतराची प्रतलं, म्हणजे अणूंचे थर, आहेत कुठे? निकेलच्या स्फटिकरचनेतल्या ३.५२ अँगस्ट्रॉम बाजूच्या घनातून १.०६, १.०२, ०.८८, ०.८१ अशी अंतरं निघतात. ०.९१ नाहीच. या शिखरामागची प्रतलं ०.८१ वाली, पृष्ठभागाशी २२ अंश कललेली. नुसतं ब्रॅग लावलं तर शिखर ६७ व्होल्टला, ४४ अंशांवर यायला हवं. आलं नाही, आणि डेव्हिसन-जर्मरही या तफावतीने बुचकळ्यात पडले होते. उलगडा भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी सुचवला: धातूत शिरताना इलेक्ट्रॉन आत ओढला जातो, त्याची ऊर्जा वाढते. इथे साधारण १३ व्होल्टची भर पडते, म्हणजे आत ६७. बाहेर पडताना, पाण्यातून हवेत येणाऱ्या किरणासारखा तो वाकतो आणि ४४ चे ५० होतात. या वाकण्यात इलेक्ट्रॉनच्या वेगाचा पृष्ठभागाला समांतर घटक बदलत नाही, म्हणून जाळीचं सूत्र बाहेरच्या कोनावर बिनघोर चालतं. मी ते निवडलं ते एवढ्याचसाठी.

पडताळा घ्यायचा असेल तर ६७ व्होल्टची तरंगलांबी काढा, १.५० येईल. मग ०.८१ च्या दुपटीला साइन ६८ ने (९० वजा प्रतलांचे २२) गुणून बघा.