‘शहरातल्या पोरींचं फॅड’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपात एक मेसेज फिरून राहिला, की खाऊन मुद्दाम ओकायचा आजार (बुलिमिया) म्हणजे शहरातल्या काडीसारख्या पोरींचं फॅड, आपल्याकडं दात खराब होतात ते खर्र्यानं (तंबाखू-सुपारीच्या) नाहीतर बोरच्या पाण्यानं, आणि उलटी झालीच तर लगेच ब्रश करून घ्या, अॅसिड निघून जाते. राजेहो, मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दाताचा दवाखाना चालवतो, हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिले ब्रशचं, काहून की त्यानं आजच नुकसान होते. दाताचं वरचं कवच पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अॅसिड कडक) ५.५ च्या खाली विरघळायला लागते अन् पोटातलं अॅसिड तर १-२ च्या घरात, तेव्हा कवच मऊ पडलेलं असताना ब्रश रगडला की ते खरवडूनच निघते. साध्या पाण्यानं चूळ भरा, चिमूटभर खायचा सोडा टाकला तर आणखी बरं, ब्रश तासाभरानं.

आता खर्रा अन् पाणी. अर्धं खरं आहे, म्हणूनच मेसेज पटते. पांढरकवडा-झरी पट्ट्यात पाण्यात फ्लोराइड आहेच. पण त्याचे डाग-पट्टे दाताच्या समोरून दिसतात, खर्र्यानं दाढांचा माथा झिजते आणि पुढं तोंड उघडणंच कमी होते. वारंवारच्या उलटीचा मार बसते वरच्या पुढच्या दातांना, तोही आतून, टाळूच्या बाजूनं. तिथं दात गुळगुळीत अन् पातळ होते, कडा तुटतात, थंड पाण्यानं शिवशिवते, जुनं चांदीचं फिलिंग असलं तर आजूबाजूचा दात झिजून तेच वर उभं राहते. कधी लाळेच्या गाठी सुजून गाल फुगतात आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली! जुन्या अॅसिडिटीनंही दात असेच झिजतात बरं का, म्हणून नुसतं तोंडात पाहून शिक्का मारणाराही चूकच.

काडीसारख्या पोरी? बुलिमियात वजन बहुतेक वेळा नॉर्मलच असते, अन् पोट्ट्यांनाही होते.

राहिलं गावात नाही म्हणायचं. विचारलं कोणी? पोरगी येते आईसोबत, आईसमोर ‘उलट्या होतात का’ म्हटलं की आईच्या डोक्यात पहिले भलतंच येते, मग लग्न न झालेली पोरगी मेली तरी हो म्हणत नाही. एक्स-रेच्या वेळी आई बाहेर असते ना, तेव्हा मी विचारतो, जेवण झाल्यावर वर येते का, कधी आपणच काढतो का. आवाज न चढवता, अन् फायदा झाला तर यानंच होते.

आणि ‘डॉक्टर, सरळ कॅपा बसवून द्या’ म्हणणाऱ्या घरच्यांना सांगतो, उलट्या थांबल्याशिवाय ते पैसे पाण्यात, कॅपच्या कडेनं दात झिजतच राहते. तोवर फ्लोराइड, दुखते तिथं सिमेंट, आणि सोबत जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारवाले, जायची लाज वाटत असली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट लागते, मराठीत बोलतात.