सात सीट मोजा आणि सही करा

जुनी व्हॅन घ्यायचं ठरलं की सगळ्यात आधी घरादाराला सांगून टाका. कोण कुठल्या खिडकीशी बसणार यावरून मुलांची भांडणं लागू द्या, सुट्टीचा बेत आखून टाका. मागच्या सीटवर एकदा हक्क सांगितला गेला की घासाघीस करायचं बळ तुमच्यात उरत नाही आणि व्यवहार कसा झटपट उरकतो.

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला नेमकी वेळ कळवा, म्हणजे तो बिचारा इंजिन तापवून ठेवेल. गार इंजिन सुरू करून दाखवा म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय गार इंजिन फार खरं बोलतं: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबेना म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आत शिरतंय. ऑइलचं झाकण तर उघडूच नका. खाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारं सील) गेल्याची शंका येते, आणि शंकेखोर माणसाला कौटुंबिक सुख मिळत नाही.

मीटरवर ६२,००० किलोमीटर आहेत? मग आहेत. ब्रेक पॅडलचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकतंय, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरच्या सीटची एक कड बसलीय, तर त्यावरून एवढंच समजायचं की आधीचा मालक पायाने जड होता. बॉनेटखाली ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर असेल आणि त्यावर १,४०,००० लिहिलेलं असेल, तर नजर वळवा. दुसऱ्याच्या हस्ताक्षरात डोकावू नये.

आता दरवाजा. व्हॅन घ्यायची ती या सरकत्या दरवाजासाठीच, म्हणून इथे जरा रेंगाळू या. विकणारा तो स्वतः उघडून दाखवेल: आधी थोडा वर उचलायचा, मग खांद्याने रेटायचा, मग झटका. ‘एक ट्रिक आहे,’ असं तो म्हणेल. रूळ वाकलाय की रोलर गेलाय, असलं विचारू नका. ही ट्रिक पुढे तुमच्या कुटुंबाचा वारसा होणार आहे. आजी शिकेल, पाहुणे शिकतील, आणि शाळेच्या फाटकापाशी मागे गाड्यांची रांग लागलेली असताना धाकटा एकटाच ती विसरेल. दरवाजा विजेवर चालणारा असेल तर आणखी मजा, कारण मग तो कधी उघडायचं हे स्वतःच ठरवतो.

आत सुगंधी पुड्या दोन-तीन जागी टांगल्या असतील तर मालक शौकीन आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघायचा आगाऊपणा नको. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ निघाली तर गाडी कधीतरी पुरात पोहून आलीय हे कळेल, आणि मग तो सुगंध पूर्वीसारखा वाटणार नाही.

चक्कर एकट्याने मारा. सपाट रस्ता, गाणी मोठ्याने. सात माणसं भरून चढावर नेली की मागचं सस्पेन्शन बसतं, गिअर घसरतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत एसी पोचतच नाही, पण त्या रांगेत तुम्ही थोडेच बसणार आहात! टायर ‘नवेच’ आहेत. कडेच्या चार आकड्यांवर ३११२ असेल तर ते २०१२ सालच्या ३१व्या आठवड्यात नवे होते, म्हणजे विकणारा खोटं बोलत नाहीये.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन तालात ठेवणारा पट्टा, कधी बदलला, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. (पट्ट्याऐवजी साखळीवालं इंजिन असेल तर विषयच मिटला, पण ते कोणतं आहे हे तरी कशाला विचारायचं?) पुष्कळ इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि सुट्टीचा आखलेला बेत आपोआप लांबतो.

मेकॅनिकला सोबत नेऊ नका. तो गाडीखाली आडवा होतो, बाहेर येताना तोंड वाकडं करतो, आणि मुलं रडायला लागतात.

राहिले कागद. चॅसीवरचा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. कागदावरच्या नंबराशी ताडून बघायचाच हट्ट असेल तर बघा. एक आकडा जुळत नाही? बाकीचे सोळा जुळतात ना! म्हणजे ९४ टक्के झाले. शाळेत कधी पडले होते एवढे?